ओतेल त्याने भरून ठेवावी

३ ऑगस्ट

संडासातल्या टाकीने आज मान टाकली. मूठ दाबली, आत काहीतरी कटकन मोडलं आणि पाणी जागच्या जागी. झाकण काढून पाहिलं तर आतला दांडा गंजून मधोमध तुटलेला, आणि झडपेचं रबर बोट लावताच भुगा. आमच्या घरांना फ्लशसाठी समुद्राचंच पाणी नळाने येतं. खाऱ्या पाण्यात लोखंड किती दिवस तग धरणार? जन्मभर जहाजांच्या इंजिनखोलीत मी याच खाऱ्या पाण्याशी भांडलो. म्हातारपणी घरी येऊन बसलो, तर ते मेलं माझ्या आधी इथे येऊन बसलेलं.

तेबोराला म्हटलं, काळजी करू नकोस, आठवड्यात नीट करून देतो. ती चटई विणत होती. हात न थांबवता तिने विचारलं, कुठल्या वर्षातला आठवडा? माझी बायको ही अशी आहे.

तोवर करायचं काय? आमच्या लहानपणी अख्खं तारावा बेट किनाऱ्यावर जाऊन बसायचं, अजूनही अर्धं बसतं. पण तेबोरा चर्चच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. किनारा घाण करू नका म्हणून ती वर्षानुवर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडत आली आहे. तीच किनाऱ्यावर बसलेली दिसली तर आमच्या बिकेनिबेऊ गावात महिनाभर दुसरा विषय निघणार नाही. म्हणून तिने बिस्किटांची रिकामी पांढरी बादली धुऊन संडासात ठेवली, दाराबाहेर पाण्याचं पिंप ठेवायला लावलं आणि नियम सांगितला: जो ओतेल त्याने भरून ठेवायची.

घरात माणसं दोन. नियम कुणासाठी आहे ते मला कळलं.

जहाजावर रोज इंजिनाच्या नोंदी लिहायचो, ती खोड हाताला अजून आहे. दुरुस्ती पुरी होईपर्यंत इथे लिहीन म्हणतो.

५ ऑगस्ट

बादलीने फ्लश करणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. मी आपली हळूहळू धार धरली, तर भांड्यातलं पाणी नुसतंच चढलं, सगळा ऐवज गोल फिरला आणि पुन्हा वर येऊन माझ्याकडे बघत बसला. दुसरी बादली, तिसरी बादली, तेच. तेबोरा बाहेरून ऐकत होती. शेवटी आत आली आणि माझ्या हातातली बादली ओढून घेतली.

"झाडाला पाणी घालतोयस का? उंचावरून ओत. एका दमात."

तिने करून दाखवलं. बादली छातीपर्यंत उचलली, नेम धरल्यासारखी थांबली आणि सगळं पाणी एकदम भांड्याच्या मध्यावर सोडलं. भांडं लखलखीत. मग दाराला हात टेकून उभी राहिली. ओठ सुकले होते. दम लागला का म्हातारे, असं विचारलं तर म्हणाली, तुला शिकवायचं म्हणजे लागणारच.

दुपारी बादली रिकामी सोडली म्हणून बोलणी खाल्ली. पिंपापासून बादलीपर्यंतचं अंतर हातभर आहे, तेवढंही या माणसाला जमत नाही, हे तिने शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

९ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये दुसरं गाणं सुरू असताना तेबोरा उठून निघून गेली. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. मला वाटलं माझा आवाज चढला म्हणून रागावली, कारण मी सुरात गात नाही असं तिचं पहिल्यापासून मत आहे. घरी आलो तर संडासाबाहेरचं पिंप जवळजवळ तळाला गेलेलं, ती अंगणात कपडे पिळून वाळत घालत होती. रविवारी कपडे! मंडळाच्या प्रमुखबाईंनी! म्हटलं, पास्टरने पाहिलं तर? म्हणाली, पास्टरला म्हणावं येऊन पिळ.

इतकं पाणी कशाला लागतं हिला, कळत नाही. नळ थोडाच वेळ येतो, म्हणून पिंप भरायला मला मागच्या उथळ समुद्रातून दोन-दोन बादल्या खांद्यावर आणाव्या लागतात, पाठ धरते. आजपासून तू आत गेलीस की मीच ओतत जाईन, मोजून ओतेन, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

"माझं मी बघते. तू संडासाच्या दारापाशी यायचं नाही."

बायकांची लाज. मी समजू शकतो. पण इतक्या वर्षांनी?

१४ ऑगस्ट

झालं! मासेमारीच्या जाळ्याचा एक तरंगा, तांब्याची तार, जाड गळाची दोरी आणि जुन्या चपलेचं रबर. दिवसभर टाकीत डोकं घालून बसलो. संध्याकाळी नळाला पाणी आलं, टाकी भरली, दोरी ओढली आणि धबधबा. मी आरडाओरडा करून तेबोराला बोलावलं. म्हटलं, ओढ. तिने ओढली. पाणी आलं, गेलं. तिने टाकी भरू दिली आणि पुन्हा ओढली.

मग तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तिचे डोळे भरून आले. संडासाचं पाणी गेलं म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. म्हटलं, बघ, इंजिनखोलीतला माणूस आहे तुझा नवरा. तिने चिडवलंही नाही. नुसती म्हणाली, आहेस खरा.

आज फार बरं वाटलं.

१६ ऑगस्ट

रबर सुटलं, दोरी तुटली, तरंगा भांड्यात पडला. तेबोराने बादली जागेवर ठेवली आणि पिंप भरलंय का पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

२० ऑगस्ट

बंदरावर जाऊन जहाजावरच्या जुन्या सोबत्याला गाठलं. तो फिजीतल्या सुवाहून टाकीचं सगळं आतलं सामान आणणार आहे. नवीन, सबंध प्लास्टिकचं, गंजायचा प्रश्नच नाही. पुढच्या फेरीला आणतो म्हणाला.

तेबोराला सांगितलं तर तिने लगेच विचारलं, पुढची फेरी कधी? मग पुन्हा जेवताना विचारलं. एवढी घाई तिने आमच्या लग्नात केली नव्हती.

जेवते मात्र चिमणीएवढं. आज मोठा मासा भाजला होता, निरफणसही होता, तरी तिने दोन घास खाल्ले आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं, टाकायचं कशाला? कुठल्या तरी झाडाचा पाला उकळून काळंशार पाणी पिते सकाळ-संध्याकाळ. गुडघ्यांसाठी म्हणते. म्हटलं, मला पण दे, माझेही दुखतात. तुझ्या गुडघ्यांना हे लागू पडायचं नाही म्हणाली.

२९ ऑगस्ट

घरातले जुने पंचे आणि लुंग्या कुठे जातात कोण जाणे. माझी निळी फुलांची लुंगी शोधून दमलो. तेबोराला विचारलं तर म्हणाली, फाटली होती. फाटली होती तर चिंध्या तरी कुठे आहेत? ती स्वतः हल्ली सारखी काळीच नेसते. म्हटलं, कुणी मेलंय का? हसली. मंडळाच्या गायनाला काळ्याच ठरल्यात म्हणे.

मग भांडण झालं. ती बादली उचलताना वाकली आणि तशीच वाकून राहिली. मी धावत जाऊन बादली धरली, तर तिने झटक्याने ओढली आणि निम्मं पाणी सांडलं. मला राग आला. म्हटलं, मी काय परका आहे? परक्या माणसालासुद्धा कुणी असं झिडकारत नाही. जहाजावर महिनोन् महिने असायचो तेव्हा तू एकटीने सगळं केलंस, मान्य आहे, पण आता मी घरात आहे ना? तिने दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. भात वाढला, मिठाची वाटी पुढे केली, आणि विषय तिथेच राहिला.

टाकी बिघडल्यापासून ही बाई बिघडली आहे. एकदा ते सामान येऊ दे.

७ सप्टेंबर

आलं! पुठ्ठ्याच्या खोक्यात, पिशवीत बंद केलेलं. पांढरा दांडा, निळा तरंगा, झडप, रबराच्या चकत्या, सगळं नवंकोरं. तेबोराने खोकं उघडून प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि परत जागेवर ठेवली. लगेच बसव म्हणाली. नळाला पाणी उद्या सकाळी येणार, पाणी नसताना बसवून तपासणार कसं? उद्या उजाडताच बसवतो म्हटलं.

"मग आत ठेव. कुणाला दाखवत बसू नकोस."

मी हो म्हटलं. आणि मग काय अवदसा आठवली कोण जाणे. चार वाजता खोकं काखेत मारून मानेआबात गेलो. गावातली म्हातारी मंडळी तिथे सभेच्या छपराखाली गप्पा मारत बसलेली असतात. महिनाभर ती मला विचारत होती, काय बारानिको, इंजिनियर, तुझं इंजिन सुरू झालं का? त्यांना दाखवायचंच होतं. दाखवलं. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं, वा वा केलं. शेजारचा काइतूही तिथे होता, पोरसवदा माणूस, परवाच बाप झालेला.

मी घरी पोचतोय तोच तो मागून आला. ओट्यावर मांडी घालून बसला, खाली बघत. तेव्हाच मला कळलं.

"काका, बुबुती करायला आलोय."

त्याच्या टाकीचंही तेच झालं होतं. बाळंतीण बायको, सासू आलेली, दिवसभर बादल्या वाहून तो टेकीला आला होता. बुबुती म्हणजे मागणं खरं, पण त्याला नाही म्हणता येत नाही. माझ्या बापाने बुबुतीत होडी दिली आहे. मी नाही म्हटलं असतं तर उद्या मानेआबात कुठल्या तोंडाने बसलो असतो? शिवाय त्याच्या घरात बाळंतीण. आमच्या घरात काय, दोन धडधाकट म्हातारे. मी खोकं त्याच्या हातात ठेवलं.

तेबोरा दारात उभी होती. काइतू गेल्यावर ती आत गेली.

८ सप्टेंबर

मला वाटलं होतं आज आतषबाजी होईल. झाली नाही. सकाळी मी आपण होऊन म्हटलं, चुकलं माझं, दाखवायला नको होतं. ती म्हणाली, मागितल्यावर द्यावंच लागतं, तू बरोबर केलंस. पण बोलताना भिंतीकडे बघत होती. मग विचारलं, जहाज पुन्हा कधी? महिना-दीड महिना तरी लागेल म्हटलं. तिने मान हलवली, जसा काही तिने कुठेतरी जाण्याचा बेत केला होता आणि तो बारगळला.

काइतूकडे दुपारी पाण्याचा धबधबा ऐकू आला. सामान चांगलं आहे.

१३ सप्टेंबर, रविवार

तेबोरा चर्चला आली नाही. असं कधी झालेलं मला आठवत नाही. मंडळातल्या बायका विचारत होत्या. सर्दी आहे म्हणून सांगितलं, तिनेच सांगायला लावलं होतं. बोटातली अंगठी तिने दोऱ्याने गळ्यात बांधली आहे. बोटातून गळते म्हणे. म्हटलं, बरं आहे, बारीक झालीस, आता तुझ्या वडिलांकडे दुसऱ्यांदा मागणी घालायला हरकत नाही. ती हसली, पण हसताना पोट धरलं.

१९ सप्टेंबर

लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी ती संडासात गेली आणि बाहेर येईना. हाक मारली. बादली रिकामी आहे, भरून दाराशी ठेव आणि जा, म्हणाली. भरून ठेवली. पण गेलो नाही. दार थोडंसं उघडलं, हात बाहेर आला, बादलीची कडी धरली. बादली जागची हलली नाही. पुन्हा धरली. पाणी हिंदकळून माझ्या पायावर आलं. मग हात आत गेला आणि दार तसंच राहिलं.

"मी ओततो."

"नको."

"तेबोरा, मी ओततो."

मग म्हणाली, "ये. पण काही बोलू नकोस."

ती भिंतीला टेकून उभी होती, तोंड भिंतीकडे. मी भांड्यात पाहिलं. सगळं रक्त. माझ्या निळ्या लुंगीची एक चिंधी कोपऱ्यात पडली होती.

बादली उचलली. उंचावरून, एका दमात. पुरलं नाही. भरली, पुन्हा ओतली. मग आणखी एकदा. पाणी स्वच्छ झालं. मग बादली भरून ठेवली, कारण हातांना दुसरं काही सुचेना. तिला उचलून चटईवर आणलं. वजन असं लागलंच नाही.

दुपारी ती आपण होऊन बोलली. नाताळच्या आधीपासून आहे म्हणाली. आधी थोडं थोडं, मग जास्त. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? एका घरात राहतो आपण.

"मूठ दाबली की सगळं जायचं," ती म्हणाली. "मीसुद्धा बघायचे नाही. डोळे मिटून दाबायचे."

"आणि टाकी मोडल्यावर?"

"मग बघावं लागलं. स्वतःच्या हाताने ओतायचं म्हणजे बघावंच लागतं."

मी रडलो. ती नाही रडली. मी म्हटलं, ते सामान मी काइतूला दिलं नसतं तर तुला बादल्या उचलाव्या लागल्या नसत्या. ती म्हणाली, तुला अजून थोडे दिवस कळलं नसतं, मला तेवढंच हवं होतं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, भात खाऊन घे, निवतोय.

२२ सप्टेंबर

तिला इस्पितळात नेलं. ओढत नेलं म्हटलं तरी चालेल. डॉक्टरीणबाई तरुण आहे, चांगली आहे, माझा हात धरून बोलली. गाठ आहे, फार पसरली आहे. इथे काही करता येणार नाही. फिजीला पाठवायची सोय होऊ शकेल, तिथे शस्त्रक्रिया करतील, तरी काही महिन्यांचंच बोलता येईल. सहा महिने आधी आला असता तर, असं म्हणून ती थांबली. सहा महिने आधी मी काय करत होतो? निरफणस खात होतो.

महिने तर महिने. काही महिने काय थोडे असतात? मी तिथेच सांगितलं, पाठवा. कागदपत्र काय लागतील ते सांगा. डॉक्टरीणबाई तेबोराकडे बघत होती, आणि तेबोरा खिडकीतून बाहेर.

२३ सप्टेंबर

आज तिने सकाळी केस विंचरले, स्वच्छ कपडे नेसली आणि मला समोर बसायला सांगितलं. तीही बसली, मांडी घालून, खाली बघत. मला हसू आलं, म्हटलं, हे काय, मी काय पास्टर आहे?

"बारानिको, मी तुझ्याकडे बुबुती करायला आलेय."

नवरा-बायकोत कुणी बुबुती करत नाही. जे आहे ते दोघांचंच, त्यात मागायचं काय? मी म्हटलं, असलं काही बोलू नकोस. ती थांबली नाही.

"मला फिजीला पाठवू नकोस. माझी बहीण विमानात बसून गेली आणि पेटीतून आली. तिच्या शेवटच्या दिवसांत तिला पाणी पाजायला आपलं माणूस नव्हतं. मला इथे ठेव. माझं जे काही असेल ते तू ओत. दुसऱ्या कुणाच्या हातून नको."

मी उठून समुद्रावर गेलो. भरती होती. फार वेळ उभा राहिलो. काइतूला एका प्लास्टिकच्या दांड्यासाठी मी नाही म्हणू शकलो नव्हतो. परत आलो तर ती तशीच बसलेली होती, उत्तर मिळेपर्यंत उठायचं नसतं म्हणून. पाय दुखत असणार तिचे.

मी हो म्हटलं.

हे मी बरोबर केलं की नाही ते मला माहीत नाही. आकीनाला, ओनोतोआ बेटावरच्या आमच्या मुलीला, रेडिओवरून निरोप धाडला आहे. आई आजारी आहे, विमान मिळेल तशी ये.

२ ऑक्टोबर

काइतू आला होता. गावात सगळ्यांना कळलं आहे. त्याने ते सामान टाकीतून काढून, पुसून, त्याच खोक्यात घालून आणलं होतं. त्याला वर बघवत नव्हतं. काका, मला माहीत नव्हतं, म्हणाला. मी म्हटलं, मलाही नव्हतं. दिलेलं परत घेत नाहीत, घेऊन जा, बाळंतिणीला लागेल. तेबोराने आतून बाळाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. छान आहे म्हणाली, आणि एकदा आणून दाखव म्हणाली.

आता ती संडासापर्यंत येऊ शकत नाही. खोलीत पातेलं ठेवलं आहे. मी नेतो, ओततो, धुतो, आणतो. आता माझा हात बसला आहे. एक बादली पुरते. तिला आतून आवाज ऐकू येतो आणि ती तिथून शाबासकी देते. काल म्हणाली, आता तुला कुठल्याही जहाजावर ठेवतील. रिकामी ठेवलीस का, हेही विचारते. ठेवत नाही मी.

९ ऑक्टोबर

आज तिला बरं वाटलं! सकाळी माडीचा पाक घालून पेज प्यायली, वाटीभर. मग म्हणाली, मला संडासात जायचंय, माझ्या पायांनी. मी धरून नेलं. तिचं तिने केलं, फारसं काही नव्हतंच. मी ओतलं. मग भरायला वळलो तर म्हणाली, थांब, मी भरते.

बादली उचलणं तर शक्यच नव्हतं. ती पिंपाशेजारी जमिनीवर बसली, बादली मांडीला लावून, आणि टमरेलाने एक एक टमरेल भरून टाकत राहिली. मधे थांबायची, श्वास घ्यायची. मी म्हटलं, पुरे, अर्धी पुरे. "अर्धी म्हणजे काय भरलेली असते का?" म्हणाली. काठोकाठ भरली. वरून हात फिरवून तरंगणारा कचरा काढला. ऊन डोक्यावर आलं होतं.

सुधारणा आहे. मला वाटतं पाल्याचा गुण येतोय. असंच राहिलं तर आकीना येईपर्यंत ती ओट्यावर बसू लागेल.

ती भरलेली बादली मी आज वापरली नाही. दुसऱ्या डब्याने काम भागवलं. उगीचच.

१३ ऑक्टोबर

तेबोरा गेली. दुपारी, मी पातेलं धुऊन आत आलो तेव्हा.

१८ ऑक्टोबर, रविवार

आकीना दुसऱ्या दिवशीच्या विमानाने पोचली. अळकुड्यांचं गाठोडं घेऊन आली होती, आईला आवडतात म्हणून. दारातच खाली बसली.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला तीन दिवस घरात ठेवतात; तिन्ही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. बायकांनी तेबोराला पांढरे कपडे घातले, नव्या चटईवर ठेवलं, गाणी म्हटली. इतक्या लोकांना आमचा संडास कसा पुरणार? काइतूने आपण होऊन दारात उभं राहून सगळ्यांना त्याच्या घरी पाठवलं. दिवसभर तिकडून पाण्याचा आवाज येत होता. पाहुणे म्हणत होते, काय छान चालतो याचा फ्लश.

ती पांढरी बादली मी झाकण लावून माझ्या खाटेखाली सरकवून ठेवली होती. कुणी विचारलं नाही.

घराच्या पूर्वेला तिला पुरलं. वर पांढरी खडी घातली. चर्चमध्ये आज मी गायलो नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

आकीना परवा परत जाणार. तिथल्या शाळेत शिकवते ती, शाळा सुरू आहे. जायच्या आधी घर आवरायला काढलं होतं तिने. मी चर्चहून येऊन ओट्यावर बसलो होतो. ती केरसुणी घेऊन बाहेर आली.

"बाबा, खाटेखाली पाण्याची बादली कशाला ठेवली होती? डासांची अंडी झाली होती त्यात. ओतून टाकली मी संडासात."

टमरेल टमरेल करून भरलेलं ते पाणी. उन्हात बसून. मला ओरडायचं होतं, तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? पण तिचे केस कपाळावर चिकटले होते, हात काळे झाले होते, आणि उभी राहायची तऱ्हा हुबेहूब तिच्या आईची. मला एवढंच विचारता आलं की बादली कुठे आहे.

"संडासात, जागेवर," ती म्हणाली. "भरून ठेवलीये. रिकामी ठेवली असती तर आईने मला सोडलं असतं का?"

आणि मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती केरसुणी टाकून माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही दोघंही रडलो. काइतूची बायको कुंपणापलीकडून बघत होती, ती आत गेली.

जेवणं झाल्यावर मी संडासात गेलो. बादली काठोकाठ भरलेली होती. बघत उभा राहिलो. मग वापरली. उंचावरून, एका दमात. भांडं स्वच्छ झालं.

पिंपातून पाणी घेतलं आणि भरून ठेवली.